दुसऱ्या हाताला जागा

मिरजेच्या वस्तुरचना महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची परीक्षा जरा उलटी होती. चार वर्षं शिकून विद्यार्थ्याने जी वस्तू घडवली, ती त्याने सतरंजीवर ठेवायची आणि हात मागे घेऊन गप्प उभं राहायचं. परीक्षक ती वस्तू आधी वापरून बघणार आणि मग मोडणार. मोडणार म्हणजे फोडणार नव्हे. एकेक भाग न तुटता सुटा करून समोर मांडणार. हत्यारं तीनच: एक स्क्रू ड्रायव्हर, एक बोथट सुरी आणि किटलीभर उकळतं पाणी. वेळ म्हणाल, तर परीक्षकाचा चहा संपेपर्यंत.

परीक्षकही गेली तीस वर्षं एकच होते. दस्तगीरचाचा सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतले. महाविद्यालय नवं होतं तेव्हा जोडकाम शिकवायला कुणी मिळेना, म्हणून पहिल्या प्राचार्यांनी त्यांना दुकानातून उठवून आणलं होतं. पहिल्याच वर्षी त्यांनी मुलांच्या वस्तू उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, की हे बिघडलं तर माझ्यानंतरचा मिस्त्री ते उघडणार कसं. त्यांच्या गल्लीत वाद्य सरसाने चिकटवतात, आणि सरस वाफेने सुटतो. आजोबांनी केलेला तंबोरा नातू उघडतो, आतली दुखणी काढतो आणि परत लावतो. चाचांना यात विशेष काही वाटत नव्हतं. प्राचार्यांना मात्र वाटलं, आणि परीक्षा सुरू झाली.

चाचा चहा बशीत ओतून, फुंकर घालत घेत. वस्तू आवडली तर ते मुद्दाम हळू पितात, अशी मुलांची समजूत होती.

केतकी उपळेकरच्या वेळी त्यांनी अगदी हळू चहा प्यायला होता, तरी ती नापास झाली होती. तिने टेबलावरचा दिवा केला होता, बांबूचा आणि कागदाच्या लगद्याचा. रंगसुद्धा झेंडूच्या फुलांचा. निसर्गाला टोचेल असं त्यात काही नव्हतं. फक्त तो तिने असा पक्का चिकटवला होता, की सुरीचं टोक शिरायला फट सापडेना आणि वाफेने काही हलेना. शेवटी दिवा मानेपाशी मोडला. चाचांनी दोन्ही तुकडे सतरंजीवर ठेवले आणि म्हणाले होते, "सामान झकास आहे पोरी. पण यात दुसऱ्या हाताला जागाच ठेवली नाहीस."

ती रडत बाहेर गेली ती तुकडे न्यायला परत आली नाही. पुढच्या वर्षी तिने एक घडीचं स्टूल केलं आणि पास झाली. पण ते वाक्य तिच्या मनात राहिलं. त्या वाक्यावर तिने पुढची तेवीस वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल. त्याच महाविद्यालयात ती शिकवायला लागली, विभागप्रमुख झाली, आणि राज्यातल्या साठ महाविद्यालयांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीची अध्यक्षही झाली.

आणि २०४३ सालच्या मार्चमधल्या त्या गुरुवारी ती परीक्षा शेवटचीच होणार होती. ती बंद करायचा मसुदा केतकीनेच लिहिला होता.

कारण असं, की आता मोडण्याची परीक्षा घ्यायची गरज उरली नव्हती. सगळ्या वस्तू आपोआपच मोडत होत्या. ही करामत होती सैलची. सैल हे एका डिंकाचं नाव, आणि तो शोधणारा रसायनतज्ज्ञ म्हणजे केतकीचा नवरा प्रसन्न.

डिंक म्हणजे शेवटी रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. साध्या डिंकात या साखळ्या एकमेकींना आडव्या कड्यांनी जखडलेल्या असतात. त्या तोडायच्या तर वस्तूच तोडावी लागते. प्रसन्नने दर दहा कड्यांमागे एक कडी अशी बसवली, की ती ठरावीक वेगाने थरथरवली तरच निखळावी. एका वेगावर भरवसा ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याने अशा कड्या तीन जातींच्या केल्या. तिघींना तीन वेगवेगळे उंच, किणकिणते स्वर लागत. तिन्ही स्वर एकाच वेळी पोचले तरच तिन्ही जाती एकदम निखळत आणि डिंक दुधावरची साय निघावी तसा सुटून येई. रहदारी, भोंगे, पिठाची गिरणी, लग्नातला बँड यांतून ते तीन स्वर एकत्र पुरेशा जोराने कधी निघत नसत. प्रसन्नच्या माणसांनी चारशे आवाजांवर ते तपासलं होतं.

सहा वर्षांत पंख्यांपासून बुटांपर्यंत सगळं सैलनेच जोडलं जाऊ लागलं. प्रत्येक शहराच्या कडेला एक बोगदा झाला. जुनी वस्तू पट्ट्यावर ठेवायची. बोगद्यात ते तीन स्वर घुमायचे आणि पलीकडे तांबं, काच, प्लास्टिक, लोखंड वेगवेगळ्या टोपल्यांत पडायचं. शंभरातला शहाण्णव भाग माल परत मिळायचा. मिरजेबाहेरचा कचऱ्याचा डोंगर, जो केतकीने लहानपणापासून धुमसताना पाहिला होता, तो उकरून उकरून सपाट झाला होता आणि तिथे आता मुलं क्रिकेट खेळत. हे काही थोडं काम नव्हतं. केतकीला नवऱ्याचा अभिमान वाटे, आणि तो ती लपवतही नसे.

नव्या मसुद्यात दस्तगीरचाचांच्या जागी बोगदा होता. विद्यार्थ्याची वस्तू बोगद्यात घालायची, किती माल सुटा झाला ते यंत्र मोजेल आणि गुण देईल. साठही महाविद्यालयांत एकच माप. शनिवारी दुपारपर्यंत केतकीची सही झाली, की जूनपासून लागू.

एकच गोष्ट तिला खटकत होती. दरवर्षी तिचे विद्यार्थी शंभर घरांत जाऊन घरातल्या वस्तूंची वयं विचारून येत. पूर्वी घरातला पंखा सरासरी तेरा वर्षं फिरे. यंदा तो आकडा चारवर आला होता. मिक्सर, खुर्च्या, बूट, सगळ्यांचं तसंच. लोक चंचल झालेत, असं म्हणून तिने तो कागद बाजूला ठेवला होता.

त्या गुरुवारी शेवटची विद्यार्थिनी होती प्रणाली घोरपडे. पलूसची, साखर कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेली. उन्हाळे लांबल्यापासून तंबोऱ्याला लागणारे भीमाकाठचे जाड सालीचे भोपळे येईनासे झाले होते. प्रणालीने उसाच्या चिपाडांचा लगदा दाबून भोपळा केला होता, दांडीही त्याचीच, आणि सगळे सांधे सैलचे. दिसायला इतका देखणा, की चाचांनी त्यावरून दोनदा उलटा हात फिरवला.

परीक्षेला प्रसन्नही आला होता. सैलची किल्ली, म्हणजे ते तीन स्वर काढणारी मुठीएवढी डबी, त्याच्या खिशात होती. चाचांची हत्यारं बिनकामाची ठरली की ती पुढे करायची, असं आधी ठरलं होतं. केतकीने ती मागितलीदेखील. चाचांनी हातानेच थांबवलं. "आधी वाजवू तर द्या की, बाई. वापरल्याशिवाय मोडायचं नाही, हे माहीत आहे नव्हं तुम्हाला."

त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. चारही तारा लावल्या. मग घोडीवर, जिथे तारा टेकतात तिथे, प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला आणि केसभर पुढे, केसभर मागे करत जवारी लावत राहिले. आधी नुसता टणटण वाजणारा आवाज एकाएकी उमलला आणि खोलीभर पसरला. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं ती ज्यासाठी धडपडत होती ते तिला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. चाचा डोळे मिटून वाजवत राहिले. चहावर साय धरली. कुणाला घाई करावीशी वाटली नाही.

वीसेक मिनिटांनी तुरीची वाळली शेंग फुटावी तसा बारीक आवाज झाला. तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची पातळ फळी, एका कडेने उचलली गेली. मग दुसऱ्या कडेने. चाचांनी हात थांबवला तोवर ती अलगद सुटून त्यांच्या मांडीवर आली होती.

प्रसन्नने खिसा चाचपला. किल्ली तर त्याच्या खिशातच होती. तो सतरंजीवर बसला, तार छेडून पाहिली, फोनवर आवाजाचा आलेख काढला, आणि दोनच मिनिटांत त्याला उलगडा झाला. तंबोऱ्याच्या तारेतून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरवर जाणारी शिडीच निघते, आणि धागा नीट लागला की तिच्या वरच्या पायऱ्याही स्पष्ट वाजतात. सैलचे तिन्ही स्वर त्या वरच्या पायऱ्यांवर बसले होते. किल्ली जे काम जोराने अर्ध्या मिनिटात करी, ते तंबोऱ्याने हळूहळू पण न थांबता वीस मिनिटांत केलं होतं. शिवाय आवाज हवेतून नव्हे, थेट चिपाडाच्या अंगातून सांध्यापर्यंत पोचत होता. चारशे आवाजांत तंबोरा घ्यावा हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

घाबरण्यासारखं काही नाही, तो म्हणाला. स्वतःच वाजणाऱ्या वस्तूलाच हा धोका. तीन स्वर जरा सरकवले की झालं, पंधरा दिवसांचं काम. ते खरंही होतं, आणि केतकीने सुटकेचा श्वास सोडला.

चाचांनी गार झालेल्या चहाचा घोट घेतला. "उघडली की. चहा संपायच्या आत. आता जोड पोरी."

प्रणालीने केतकीकडे पाहिलं. केतकीने प्रसन्नकडे.

"एकदा सुटला की तो परत लागत नाही, चाचा," प्रसन्न म्हणाला. "नवा लावावा लागतो. हवा काढलेली पेटी लागते, त्यावर जांभळा प्रकाश लागतो. कारखान्यातच होतं ते."

"घरी नाही व्हायचं?"

"नाही."

"आमच्या गल्लीत?"

"तिथंही नाही."

"मग पोरीचा तंबोरा मेला म्हणा."

"मेला कसा? सगळा माल परत मिळतो."

"माल मिळंल हो. तंबोरा कुठं मिळतो?"

केतकीने मध्यस्थी केली. परीक्षा मोडण्याची आहे, वस्तू न तुटता उघडली आहे, म्हणजे प्रणाली पास, असं तिने शांतपणे सांगितलं.

"अर्धी पास," ते म्हणाले. "परीक्षा अर्धीच घेता तुम्ही, बाई. बारा वर्षं झाली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. वय सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग तंबोरा आणि तबली धोतरजोडीत गुंडाळली, निकाल शनिवारी म्हणाले आणि निघून गेले.

केतकी खोलीत आली आणि तिने कपाटातून जुनी फाईल काढली. परीक्षेचे नियम तिनेच बारा वर्षांपूर्वी लिहून काढले होते, नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत. तोवर ते नुसतेच चालत आले होते. नियम चौथा: परीक्षकाला वस्तू न तुटता मोडता आली पाहिजे. त्यापुढे पूर्णविराम.

हळूहळू तिला आठवलं. तिच्या विद्यार्थिदशेत परीक्षा दोन दिवस चाले. पहिल्या दिवशी चाचा वस्तू मोडत. दुसऱ्या दिवशी वर्गातल्याच दुसऱ्या कुणाला तरी ती जोडायला लावत, आणि ती पुन्हा चालली तरच गुण. त्या दुसऱ्या दिवशी फार वेळ जाई. डिंक वाळेपर्यंत मुलं कोपऱ्यात पत्ते खेळत बसत. वेळापत्रक बसवताना तरुण केतकीने तो दिवस काढून टाकला होता. चाचांना म्हणाली होती, तुम्ही मोडलीत की झालं, पुढचं आम्ही बघतो. आणि पुढचं कुणीच बघितलं नव्हतं. बारा वर्षांत तिच्या हाताखालून साडेतीनशे मुलं बाहेर पडली. सैल वापरणाऱ्या बहुतेक कारखान्यांत रचनाकार म्हणून तीच मुलं होती. वस्तू कशी सुटेल याचा विचार ती डोळे मिटून करत. सुटलेली वस्तू पुन्हा कशी उभी राहील, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिने तो शंभर घरांचा कागद पुन्हा काढला. पंख्याचं एक बटण गेलं तर पूर्वी कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तो खोलून बसवी. आता खोलणं फुकट झालं होतं आणि बसवणं अशक्य. पंखा बोगद्यात जाई, नवा येई, आणि शहाण्णव टक्क्यांच्या समाधानात कुणी हिशेब करत नसे, की तेच प्लास्टिक चार वर्षांनी पुन्हा वितळवायला किती वीज जाते आणि दरखेपेला ते किती हलक्या प्रतीचं होत जातं. चंचल लोक झाले नव्हते. वस्तूंना दुसरा जन्म सोपा करून देताना पहिलाच आखूड झाला होता.

त्या संध्याकाळी जेवताना तिने हे प्रसन्नला सांगितलं. भाकरी हातात तशीच धरून तो ऐकत होता. त्याला राग आला, आणि तो राग समजण्यासारखा होता. समितीने सैल धरूनच अभ्यासक्रम बांधला होता. सही अडली तर लोक म्हणणार, घरच्याच माणसाला या डिंकाचा भरवसा नाही. तो डोंगर कुणी सपाट केला, त्याने विचारलं.

"तूच केलास."

"मग?"

"तुझा डिंक खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, प्रसन्न. माझा नियम खोटा आहे."

"लोकांना ते वेगळं दिसणार आहे का?"

शुक्रवारी दोघं एकमेकांशी भाजी आणि गॅस यांपलीकडे बोलले नाहीत. शनिवारी सकाळी तो लवकर प्रयोगशाळेत जातो म्हणून निघून गेला. केतकीने मसुदा पिशवीत टाकला. सही करायची की नाही, हे तिचं तिलाच अजून ठरवता आलं नव्हतं. दुपारी बाराला समितीचे सचिव फोन करणार होते. सव्वाअकराला ती सतारींच्या गल्लीत शिरली.

इतकी वर्षं चाचाच महाविद्यालयात येत. दुकानात जायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. दाराशी तिला प्रसन्नच्या चपला दिसल्या.

आत सरसाचा उग्र वास भरला होता. ओल्या चामड्याचा आणि जळक्या गुळाचा मिळून होईल तसा. शेगडीवर पाण्याच्या पातेल्यात दुसरं छोटं पातेलं ठेवलं होतं आणि तिचा नवरा, चार देशांत ज्याच्या डिंकाला पेटंट होतं तो, उकिडवा बसून त्यात काडीने ढवळत होता. शेजारी त्याची वही उघडी होती. तिला पाहून तो ओशाळला.

"याला उतू द्यायचं नसतं," तो म्हणाला. "उकळला की त्याची ताकद जाते. म्हणजे साखळ्या तुटतात. साठ अंशांना सुटतो, तीस अंशांना परत धरतो, आणि कितीही वेळा. नुसतं पाणी आणि चूल, केतकी. मी सहा वर्षं फक्त सुटण्याचं रसायन केलं."

"सकाळी सातला आलेत," चाचा म्हणाले. "चहा तीनदा झाला. ऐकतात चांगलं, पण हात फार जोरात चालतो त्यांचा."

प्रणालीचा तंबोरा भिंतीला टेकून उभा होता, तबलीवरून सुताच्या दोरीचे घट्ट वेढे घेतलेला. शुक्रवारी ती स्वतः येऊन बसली होती. सैलचा जुना पापुद्रा खरवडला तिने, सरस लावला तिने, दोरी आवळली तिने. चाचांनी नुसतं दाखवलं. उद्या दोरी सोडली की वाजेल. निकालाच्या कागदावर त्यांनी पूर्ण गुण लिहून ठेवले होते.

मग केतकीची नजर फळ्यांवर गेली. भिंतीभर फळ्या होत्या आणि त्यांवर तंबोरे-सतारींच्या मधेमधे तिच्या ओळखीच्या वस्तू बसल्या होत्या. विक्रांत नावाच्या विद्यार्थ्याची गाजरं किसायची यंत्रणा. एका मुलीने केलेला आंधळ्यांसाठीचा तराजू. पाळण्याच्या घंटा, पायाने चालणारा फवारा, तीन पायांची खुर्ची. बारा वर्षांच्या परीक्षांत मोडून सतरंजीवर मांडलेल्या आणि मुलांनी तशाच टाकून दिलेल्या. सगळ्या जोडलेल्या होत्या.

"हे तुम्ही केलंत?"

"परीक्षा घेतली तर पुरी घ्यायला नको?" चाचा म्हणाले. "तुम्ही म्हणालात पुढचं आम्ही बघतो. चार दिवस वाट बघितली. मग शिपाई ते पोत्यात भरायला लागला, म्हणून मी घेऊन आलो. लोक येतात, लागतं ते नेतात. हे उरलेलं."

केतकीने मान वर केली, आणि तिला तो दिसला. चाचांच्या बैठकीच्या बरोबर वर, दोरीला टांगलेला, झेंडूच्या रंगाचा दिवा. तो जळत होता. मानेपाशी, जिथे तो मोडला होता तिथे, आता एक सरळ सांधा होता आणि त्यावर लाल सुताचे चार वेढे.

"तेवीस वर्षं याच्याच उजेडात जवाऱ्या लावतो," चाचा म्हणाले. "आतला बल्ब सात वेळा बदलला. उजेड मऊ पडतो त्याचा, डोळ्याला लागत नाही. सांगितलं होतं तुम्हाला, सामान झकास आहे म्हणून."

त्यांनी तो खाली काढला, विझवला आणि सतरंजीवर तिच्यासमोर ठेवला. उकळत्या पाण्याची किटली आणि सुरी तिच्याकडे सरकवली. मग स्वतःसाठी कपात चहा ओतला.

"बसा बाई. तुमची परीक्षा राहिलीय."

केतकी खाली बसली. तिने लाल सूत सोडलं, किटलीच्या चोचीतली वाफ सांध्यावर धरली आणि सुरीचं टोक फटीत घातलं. जरा वाट पाहिल्यावर दिवा आपण होऊन उघडला. चाचांची बशी अजून अर्धी भरलेली होती. तिने आत पाहिलं. तिच्या बावीस वर्षांच्या हातांनी आतून पेन्सिलीने काढलेल्या रेघा तशाच होत्या.

प्रसन्नने पातेलं पुढे केलं. तिने काडीने दोन्ही कडांना सरस लावला आणि तुकडे एकमेकांवर दाबून धरले. दहा मिनिटं हलायचं नाही, चाचांनी बजावलं. आता हललात तर पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. केतकीने हातांकडे पाहिलं, मग प्रसन्नकडे. फोन कुणाचा हे दोघांनाही माहीत होतं. प्रसन्नने धोतराच्या फडक्याला बोटं पुसली, पिशवीतून फोन काढला, सुरू केला आणि तिच्या कानाला लावून धरला.

सचिव आनंदात होते. सगळ्या सदस्यांच्या सह्या आल्या होत्या, फक्त अध्यक्षांची राहिली होती.

"सही होणार नाही," केतकी म्हणाली. "मसुदा मी मागे घेतेय. नियम चौथा बदलायचाय. लिहून घेता?"

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"अनोळखी माणसाला वस्तू न तोडता उघडता आली पाहिजे, आणि साध्या घरात बसून परत जोडता आली पाहिजे. जोडलेली वस्तू चालली तर पास. बोगद्याचे गुण वेगळे, ते राहू देत. परीक्षा दोन दिवसांची."

प्रसन्नने फोन तसाच तिच्या कानाला धरून ठेवला. सचिवांनी भीत भीत विचारलं, की साठ महाविद्यालयांना असे परीक्षक आणायचे कुठून.

"प्रत्येक गावात असतात. कोपऱ्यावर बसतात. आपल्याला जाऊन शोधावे लागतील, एवढंच."

आणि सैलचं काय, असं त्यांनी विचारलं. तुमच्या डॉक्टरसाहेबांना हे कळवायला नको का.

केतकीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. प्रसन्नने फोन स्वतःच्या तोंडाशी नेला. "मी इथंच आहे," तो म्हणाला. "सैल उघडतो. तो परत धरायला शिकेपर्यंत त्यालाही नापासच करा. वर्षभरात पुन्हा परीक्षेला बसवतो." आणि फोन पुन्हा तिच्या कानाला लावला.

हे सगळं आत्ताच लेखी पाठवता येईल का, सचिव विचारत होते.

"आत्ता हात मोकळे नाहीत," केतकी म्हणाली.

फोन बंद झाला. चाचांनी बशीतला शेवटचा घोट घेतला आणि दिव्यावर वाकून पाहिलं. केतकीकडची बाजू नीट बसली होती, पण पलीकडची कड केसभर उचलली जात होती आणि तिची बोटं तिथवर पोचत नव्हती. तिने ताणून पाहिलं. चाचा नुसते बघत होते. वस्तू जोडताना ते मदतीला येत नसत.

प्रसन्नने फोन फळीवर ठेवला, तिच्यासमोर सतरंजीवर बसला आणि त्या कडेवर आपली दोन बोटं टेकवली. हलकेच, सकाळपासून जेवढं शिकला होता तेवढ्या हलकेपणाने. सांधा बसला.

"हां," दस्तगीरचाचा म्हणाले आणि कपातला उरलेला चहा पुन्हा बशीत ओतायला लागले.